पिल्लाला बेडूक कोणी शिकवला?

पावसाळ्यात भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांच्या बांधावरून चाललात की दिवड दिसतेच. कोणी तिला विरोळा म्हणतं. बोटापेक्षा बारीक पिल्लूसुद्धा बेडकामागे सुटतं. त्याला शिकवलं कोणी? अंड्यातून बाहेर पडल्यावर तर प्रत्येक जण आपापल्या वाटेने जातो.

‘खाण तशी माती’ म्हणून आपण मोकळे होतो. पण तपासायचं कसं? रानातल्या पिल्लाने आधी काय खाल्लंय, कोणाला ठाऊक! पिल्लू जन्मापासून नजरेखाली हवं. हे काम झालं अमेरिकेत, गार्टर सापांवर. आपल्या दिवडीचेच ते लांबचे भाऊबंद.

१९६७ मध्ये गॉर्डन बर्गहार्ट यांनी एकदाही न जेवलेल्या पिल्लांपुढे वेगवेगळ्या प्राण्यांचा वास लावलेले कापसाचे बोळे धरले. ज्या जातीचं रानातलं जे खाणं, त्याच वासावर पिल्लांची जीभ जास्त लवलवली. पुढे स्टीव्हन अर्नोल्ड यांनी कॅलिफोर्नियातल्या एकाच जातीच्या गाभण माद्या दोन ठिकाणांहून आणल्या. किनाऱ्यावरचे साप बिनशंखाच्या गोगलगायी खातात, आतल्या डोंगराळ भागात त्या मिळतच नाहीत. प्रयोगशाळेत जन्मलेल्या पिल्लांना गोगलगाय दिली, तर किनाऱ्याच्या बहुतेक पिल्लांनी खाल्ली, डोंगरातल्या बहुतेकांनी नाकारली. म्हणजे आवड जन्मतःच आलेली!

आणि स्वभाव? १९८९ मध्ये एडमंड ब्रोडी यांनी दाखवलं, की पट्टेवाली पिल्लं सरळ पळतात, ठिपक्यांची अचानक दिशा बदलतात. आणि रंग व पळण्याची ही तऱ्हा एकत्रच वारशाने येतात. पण म्हणून ‘पिंजऱ्यात जन्मलेला साप गरीब’ असं समजून रीलसाठी हातात घेऊ नका. देशी साप घरी पाळणं १९७२ च्या कायद्याने गुन्हाही आहे. उलट १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. ते साप काही पिढ्यान्‌पिढ्या माणसाळवलेले नव्हते. डिवचलं नाही, तर साप उगाच चावत नाही, एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

आपली दिवड मात्र तापट. पकडली की चावते. विष नाही, पण रक्त काढते. घाबरली की मान चपटी करून नागासारखी उभी राहते, आणि बांधावर नाग समजून काठी पडते ती याच सवयीमुळे.