एक डोळा, तीन बहिणी

रंगभूमीच्या इतिहासात अपंग माणूस पात्र म्हणून फार जुना आहे. नट म्हणून मात्र तो अगदी अलीकडचा. भरताने नाट्यशास्त्रात विदूषक वर्णिला तो ठेंगू, कुबडा आणि दंतुर. संस्कृत नाटकांतील अंतःपुरांत वामन व कुब्ज वावरतात, आणि शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड आपल्या कुबडासह सिंहासनावर चढतो. आमच्या मराठीत जयवंत दळवींच्या 'नातीगोती'ने मतिमंद मुलाच्या आईबापांचे दुःख रंगमंचावर आणले, तर १९९१ च्या 'चौकट राजा' या चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी साकारलेला नंदू आजही रसिकांच्या स्मरणात आहे. ही कामगिरी मोठीच. परंतु व्यंग ज्याचे, त्याने ते रंगवावयाचे नाही, ही समजूत सर्वत्र इतकी दृढ होती की तिला कोणी समजूत म्हणून ओळखलेही नाही.

तिला पहिले जोरदार आव्हान देणाऱ्यांत इंग्लंडातील 'ग्रेआय' या नाटक मंडळीची गणना करावी लागेल. नबील शबान आणि रिचर्ड टॉमलिन्सन या दोघांनी ती १९८० साली स्थापन केली. शबान यांचा जन्म जॉर्डनमधला. हाडे ठिसूळ असण्याचा जन्मजात विकार असल्याने त्यांचा वावर चाकांच्या खुर्चीतून असे. कॉव्हेंट्री येथील अपंग विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात या दोघांची गाठ पडली, आणि तेथील प्रहसनांतूनच पुढच्या उद्योगाचे बीज रुजले.

मंडळीचे नावही मोठे मार्मिक आहे. ग्रीक पुराणात ग्रेआय या तीन वृद्ध बहिणी. तिघींत मिळून डोळा एक आणि दात एक. तो डोळा त्या हातोहात फिरवीत आणि पाळीपाळीने जग पाहत. एकीजवळ नाही ते दुसरीने पुरवावे, हीच त्यांच्या जगण्याची रीत. मंडळीच्या पहिल्या नाटकाचे नाव होते 'साइडशो'. जत्रेतील ज्या तंबूत वेगळ्या शरीराची माणसे पैसे घेऊन दाखविली जात, त्याला इंग्रजीत हा शब्द आहे. ज्यांना आजवर जग न्याहाळीत आले, त्यांनीच आता जगाकडे पाहावयाचे ठरविले होते.

१९९७ पासून जेनी सीली यांनी मंडळीच्या कलाविषयक दिग्दर्शनाची सूत्रे हाती घेतली. त्या स्वतः लहानपणापासून बधिर. खुणांची भाषा, पडद्यावर उमटणारे संवाद आणि अंधांसाठीचे वर्णन या सोयी एरवी रंगमंचाच्या कडेला उभ्या असतात. सीलींच्या प्रयोगांत त्या नाटकाच्या रचनेतच विणल्या गेल्या. सारा केनच्या 'ब्लास्टेड' नाटकाच्या प्रयोगात तर नटांनी रंगसूचनाही मोठ्याने उच्चारल्या. अंध प्रेक्षकाची सोय झालीच. शिवाय डोळस प्रेक्षकालाही त्या भयंकर नाटकाचा नवा अर्थ लागला. २०१५ साली लोर्काचे 'ब्लड वेडिंग' डंडी व डर्बी येथील नाट्यसंस्थांच्या सहकार्याने रंगले, तेव्हा अपंग आणि धडधाकट नट एकाच पात्रयोजनेत खांद्याला खांदा लावून उभे होते.

२९ ऑगस्ट २०१२ रोजी लंडनमध्ये पॅरालिम्पिक क्रीडास्पर्धांचे उद्घाटन झाले. सोहळ्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक सीली होत्या. बालपणी पोलिओ झालेल्या इयन ड्यूरी यांचे 'स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस' हे गाणे त्या रात्री गाजले. १९८१ च्या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षाचा निषेध म्हणून ते लिहिलेले, आणि बीबीसीने त्याच्या प्रसारणावर बंधने घातलेली. एकतीस वर्षांत दाराबाहेरचे गाणे राष्ट्राच्या उत्सवात आले! पुढे २०१६ साली सीलींनी ढाका थिएटरच्या साहाय्याने बांगलादेशातील अपंग नटांकडून 'रोमिओ आणि ज्युलिएट' करवून घेतले. आमच्या कोलकात्यातही १९९६ पासून 'ब्लाइंड ऑपेरा'ने अंध नटांची रंगभूमी उभी केली. तेथील मराठी मंडळींना हे नाव परके नसावे.

यावर कोणी म्हणेल, नटाचे कामच मुळी परकायाप्रवेशाचे. मग धडधाकटाने आंधळा रंगविला तर बिघडले कोठे? आम्हीही म्हणतो, काही बिघडले नाही. मात्र तो रस्ता दुहेरी हवा. आंधळ्याने डोळस राजा रंगविण्यास जोवर मज्जाव आहे, तोवर परकायाप्रवेश ही कला नसून एका पक्षाची मक्तेदारी ठरते.

आमचे बहुतेक वाचक सरकारी सेवेत आहेत. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम त्यांच्या टेबलावरून गेलेला असेल. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे मानली आहेत, आणि नोकरी व शिक्षण यांबरोबर सांस्कृतिक जीवनाचाही उल्लेख आहे. नोकरीच्या कलमांची अंमलबजावणी आम्ही कचेरीत करतो. सांस्कृतिक कलमाची वेळ येते ती संध्याकाळी, महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात. गणेशोत्सवाच्या नाटकाची पात्रयोजना ठरते, तालमी लागतात, आणि कोणा सहकाऱ्याची पोलिओ झालेली मुलगी पहिल्या रांगेत प्रेक्षक म्हणून बसते. तिला काम का दिले नाही, असे विचारले तर उत्तर मिळते : रंगमंचाला पाच पायऱ्या आहेत. पायऱ्या सुताराने केल्या आहेत. उतारही तोच करून देईल. तेव्हा यंदा पात्रे निवडण्यापूर्वी त्याला बोलावणे धाडावे, एवढेच आमचे सांगणे.