शत्रूचा हात
लहानपणी माळशिरसला तंबूतल्या सिनेमात लढाई लागली, की आम्ही शिट्ट्या वाजवायचो. मेलेले मोजत नव्हतो. आपल्याकडे १९३३ साली 'प्रभात'नं 'सिंहगड' हा बोलपट काढला. त्यातली लढाई १६७० ची, वीर तानाजी.

जर्मनीत १९३० सालीच पाब्स्ट यांचा 'वेस्टफ्रंट १९१८' आला होता. त्यात पहिल्या महायुद्धाचे खंदक होते, वीर कुणीच नव्हता. शेवटी इस्पितळात जखमी फ्रेंच शिपाई शेजारी मेलेल्या जर्मनाचा हात धरतो, त्याला सोबती म्हणतो. १९३३ साली नाझींनी त्यावर बंदी घातली.

त्याच महायुद्धात इराकमध्ये कुतच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी उपाशी लढल्या, १९१६ साली कैद झाल्या. त्यांचा हात कुणी धरला होता का, हे सांगणारा मराठी सिनेमा मी अजून पाहिलेला नाही.