जबड्यातील खुंटी किती खोल?

झाडीपट्टीत मांडवाची मेढ रोवणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. जमीन भुसभुशीत असली तर तो वीतभर अधिक खणतो, मुरूम लागला की थांबतो. जबड्याच्या हाडात धातूची खुंटी बसवून तिच्यावर दात उभारण्याच्या विद्येचा इतिहास आम्ही चाळू लागलो, तेव्हा तिथेही वाद ह्याच प्रश्नाचा असल्याचे दिसले.

स्वीडनचे ब्रोनेमार्क १९५२ साली सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. त्यासाठी बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काढू गेले तर निघेना. हाडाने ते धरून ठेवले होते. १९६५ साली गोस्टा लार्सन ह्या गृहस्थांच्या खालच्या जबड्यात त्यांनी अशा खुंट्या बसवल्या. २००६ साली लार्सन वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षे, त्या कामास आल्या. तरी जगातील दंतवैद्यांची खात्री पटण्यास १९८२ ची टोरोंटोची परिषद व्हावी लागली. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. दोन्ही गोष्टींचा संबंध काही नाही; काळ ध्यानात राहावा एवढ्यासाठी सांगितले.

आरंभीचा दंडक असा की खुंटी जितकी लांब तितकी चांगली. दहा मिलिमीटरांहून आखूड शक्यतो नको. त्यात तथ्य होते. त्या काळच्या खुंट्या गुळगुळीत असत, आणि सात मिलिमीटरांच्या खुंट्या, विशेषतः वरच्या जबड्याच्या मागील मऊ हाडात, अधिक निकामी होत. पण दात पडला की हाड झिजते. वर नाकाशेजारची पोकळी, खाली ओठाला संवेदना देणारी नस. लांब खुंटीला जागा कुठली? मग पोकळीचा तळ उचलून तिथे हाड भरायचे आणि काही महिने थांबायचे. नागपूरला १९६८ पासून सरकारी दंत महाविद्यालय आहे; तेथील शहरवासीयाला हे जमेल. पण पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने ज्याची वाट बंद होते त्या भामरागडच्या माणसाला प्रत्येक जादा खेप म्हणजे बुडालेली मजुरी.

खुंटीचा पृष्ठभाग खरखरीत करण्याची रीत १९९० नंतर रूढ झाली आणि हाडाची पकड वाढली. चावण्याचा भार मुख्यतः हाडाच्या वरच्या काही मिलिमीटरांवर पडतो, म्हणून लांबीपेक्षा जाडीला महत्त्व अधिक, हेही गणिताने दिसले. सहा मिलिमीटरांची खुंटी आणि हाड भरून बसवलेली लांब खुंटी ह्यांची तुलना झाली, तेव्हा पाच वर्षांपर्यंत दोन्ही जवळजवळ सारख्याच टिकल्या, आणि आखूड खुंटीत उपद्रव कमी झाले. त्यापुढील काळात मात्र काही अभ्यासांत अगदी आखूड खुंट्या थोड्या मागे पडल्या. सरसकट आखूडच बसवा, असे म्हणण्यास आम्ही धजत नाही. आणखी एक, खुंटी हलवून बळकट करावी ही आपली म्हण जबड्यात चालत नाही. पहिले काही महिने ती हलली की हाड तिला धरीतच नाही.

आता आपल्याकडील अडचण. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा गावोगावी घोटला जातोच. तंबाखूने हिरड्या आणि त्यांखालचे हाड खचते. सुपारीने गालाचे अस्तर ताठरते आणि तोंड उघडेनासे होते, कित्येकांचे दोन बोटेही नाही. अशा तोंडात मागच्या दाढेपर्यंत छिद्र पाडण्याचे हत्यार उभे धरता येत नाही. तिथे खुंटी सहाची की दहाची, हा प्रश्नच उरत नाही.