नाकारलेला अर्ज

उन्हाळ्याच्या अखेरीस प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले म्हणजे बोदवडसारख्या लहानशा गांवींही कांहीं घरांवर अवकळा येते. लहानपणापासून पहिला क्रमांक न सोडलेल्या मुलाचें अगर मुलीचें नांव हव्या त्या महाविद्यालयाच्या यादींत नसतें. काल ज्यांनीं पेढ्यांची भाषा केली तेच शेजारी आज ओट्यावर बसून दोष कोणाचा याचा निवाडा करतात, आणि मूल मात्र माडीवर तोंड लपवून बसतें. अशा वेळीं त्यास थोरांच्या अपयशाच्या गोष्टी सांगण्याचा प्रघात आहे. आमचें हयातभराचें काम अध्यापनाचें असल्यामुळें तें कर्तव्य आमच्याकडेही वारंवार येतें. पण त्या गोष्टी सांगण्याची तऱ्हा आम्हांस फारशी मानवत नाहीं. त्यांत नकार येतो तो केवळ पुढील यशाची पायरी म्हणून. नकार कोणीं दिला, कोणत्या कारणानें दिला, आणि ज्याला तो मिळाला त्यानें तें कारण मान्य केलें कीं नाहीं, हें कोणी सांगत नाहीं. आमच्या मतें सारें मर्म तेथेंच आहे.

धोंडो केशव कर्वे यांची हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. १८७५ सालीं मराठी सहाव्या इयत्तेच्या परीक्षेस बसण्यासाठीं ते मुरुडाहून कुंभार्ली घाटानें साताऱ्यास पायीं गेले. सुमारें ११० मैलांची ती वाट त्यांनीं पावसांतून चार दिवसांत तोडली. परीक्षा-समितीच्या प्रमुखांनीं त्यांच्याकडे पाहिलें, आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाहीं म्हणून परत पाठविलें. वयाचीं सतरा वर्षें वास्तविक भरलीं होतीं. कमी पडली ती अंगकाठी! पुढील वर्षीं कोल्हापुरास तीच परीक्षा देऊन ते उत्तीर्ण झाले. साताऱ्याच्या त्या नकाराचा विद्येशीं काडीमात्र संबंध नव्हता.

याहून अधिक विचार करण्यासारखें उदाहरण कमला भागवत, म्हणजे पुढें कमला सोहोनी या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या विदुषींचें आहे. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत यांच्या ह्या भगिनी. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा त्या सर्वांत वरच्या क्रमांकानें उत्तीर्ण झाल्या. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगलोरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेंत शिकलेले. तेव्हां मुलीनेंही संशोधनास तेथेंच जावें हें ओघानेंच आलें. संस्थेचे संचालक त्या वेळीं सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते; १९३० सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालेलें होतें. अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणावरून त्यांनीं अर्ज नाकारला. रामन यांची वैज्ञानिक थोरवी आम्ही तिळमात्र कमी लेखीत नाहीं; पण प्रकाशाचे किरण ओळखणाऱ्याची दृष्टि सर्वच बाबतींत स्वच्छ असते असें नव्हे.

कमलाबाई स्वतः बंगलोरास गेल्या आणि नकाराचें कारण त्यांनीं संचालकांनाच समोरासमोर विचारलें. त्यांना प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलें वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना व्हावयाची नाहीं. मार्गदर्शक सांगतील तर रात्रीं उशिरापर्यंत काम करावयाचें. आणि त्यांच्या तेथें असण्यानें पुरुष-विद्यार्थ्यांचें चित्त विचलित होतां कामा नये! हा प्रवेश म्हणजे मोठा विजय असें जे आज लिहितात त्यांनीं ह्या अटी एकदां मोठ्यानें वाचाव्या. तो अपमान होता, आणि कमलाबाई त्यास अपमानच समजत. उतारवयांतही त्यांनीं तो बोलून दाखविला. तरी अटी त्यांनीं पत्करल्या. दिलेलें कारण खोटें आहे हें पक्कें जाणूनही, जेथें तें खोटें ठरवितां येईल तेथें पाय रोवणें त्यांना अधिक अगत्याचें वाटलें. श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं त्यांनीं दुधांतील व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष संपल्यावर संचालकांनीं त्यांस नियमित विद्यार्थिनी करून घेतलें, आणि त्यांच्या मागून येणाऱ्या मुलींना ती वाट मोकळी झाली. पुढें केंब्रिजला, पेशींच्या श्वसनक्रियेंत लागणारें सायटोक्रोम सी हें द्रव्य वनस्पतींतही असतें असें त्यांनीं दाखविलें. १९३९ सालीं पीएच्. डी. घेऊन त्या परतल्या, दिल्लीस व कुन्नूरला काम केलें, आणि मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत नीरेच्या पोषणमूल्यावर विद्यार्थ्यांकडून संशोधन करविलें. त्याच संस्थेच्या त्या पुढें संचालिका झाल्या. १९९८ सालीं त्या निवर्तल्या.

कोणी म्हणेल, आजच्या मुलास नाकारतो तो माणूस नव्हे, एक आंकडा आहे. आंकड्यापुढें उभें राहून विचारावयाचें काय? शंका रास्त आहे. जागा थोड्या व अर्ज लाखों, तेव्हां पुष्कळ नकार खरोखरच कोणाच्याही अन्यायाचे नसतात, आणि ते निमूटपणें पत्करण्यांत कमीपणा नाहीं. पण आंकडाही माणसेंच लावतात. २०२४ सालीं वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेंत पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नास दोन उत्तरें बरोबर धरलीं गेलीं. विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयांत गेले, दिल्लीच्या आय. आय. टी.मधील तज्ज्ञांनीं एकच उत्तर बरोबर असल्याचें सांगितलें, आणि साऱ्या देशाची गुणानुक्रम-यादी नव्यानें लावावी लागली. त्यांत कोणी वर गेले, कोणी खालीं आले. कारण विचारल्यानें आपलेंच भलें होईल अशी हमी नसते.

मात्र कारण विचारण्याचें बळ एकट्या विद्यार्थ्याच्या अंगीं क्वचितच असतें. कमलाबाईंच्या पाठीशीं ती संस्था आंतून पाहिलेले वडील व चुलते होते, मुंबईचें शिक्षण होतें. त्याच १९३३ सालीं आमच्या खानदेशांत एकही महाविद्यालय नव्हतें. जळगांव व अमळनेर येथील महाविद्यालयें १९४५ च्या सुमारास निघालीं. तोंपर्यंत पदवीसाठीं मुलास खानदेशाबाहेर धाडावें लागे, आणि मुलीस धाडण्याचा प्रश्न बहुतेक घरांत निघतच नसे. नकार मिळण्यासाठींही आधीं अर्ज करावा लागतो. त्या वर्षीं जळगांवांत पन्नाशी ओलांडलेली एक शेतकरी विधवा जात्यावर व मळ्यांत स्वतःच्या ओव्या रचीत होती. तिला अक्षरओळख नव्हती. ओव्या टिकल्या त्या मुलानें व नातलगानें उतरून घेतल्या म्हणून, आणि त्यांचें पुस्तक निघालें तें ती गेल्यानंतर, १९५२ सालीं. खानदेशास स्वतःचें विद्यापीठ १९९० सालीं मिळालें. २०१८ सालीं त्यास जें नांव देण्यांत आलें तें त्या बहिणाबाई चौधरी यांचें.