गोवर: शांततेच्या पासष्ट वर्षांनंतर काय झाले?

"आमच्या लहानपणी घरोघरी गोवर यायचा. आठ दिवस अंथरुणात, कडुलिंबाच्या पाल्याची अंघोळ, की पोरगं पुन्हा अंगणात! त्याला लस कशाला हवी?"

हा प्रश्न तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला असेल. प्रश्न मनापासूनचा असतो, त्यामुळे त्याला हसून चालत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. असे सांगणारी माणसे गोवरातून बरी झालेली असतात. जी बरी झाली नाहीत, ती आपला अनुभव सांगायला उरली नाहीत. त्यांचा अनुभव इतिहासात शोधावा लागतो. म्हणून आज औषधांपेक्षा इतिहासाबद्दल बोलू.

गुरांकडून माणसांकडे

गोवराचा विषाणू आणि गुरांच्या बुळकांडी रोगाचा विषाणू हे अगदी जवळचे नातलग. दोघांचा पूर्वज एकच होता आणि माणूस गुरांच्या सहवासात राहू लागल्यावर त्यातली एक शाखा माणसात स्थिरावली, असे शास्त्रज्ञ मानतात. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. तिचा हा भाऊ मात्र अजून आपल्यात आहे.

दहाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणी वैद्य अल्-राझी याने देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार कसे ओळखावेत, यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्याकडे आयुर्वेदात वर्णिलेली 'रोमांतिका' म्हणजे गोवरच, असे सामान्यतः मानले जाते.

या विषाणूची एक अडचण आहे. एकदा गोवर होऊन गेला की त्या माणसाला तो सहसा पुन्हा होत नाही. म्हणजे टिकून राहायला विषाणूला सतत नवी, गोवर न झालेली माणसे लागतात. मोठ्या शहरात रोज बाळे जन्माला येतात, त्यामुळे तिथे त्याला खाद्य मिळत राहते. अडीच ते पाच लाखांच्या वस्तीत तो कायम मुक्काम करू शकतो, असा अंदाज आहे. छोट्या बेटावर मात्र सगळ्यांना होऊन गेला की तो संपतो. मग जहाजातून पुन्हा येईपर्यंत तिथे शांतता असते. या शांततेचा अर्थ काय, हे एका तरुण डॉक्टरने शोधून काढले.

फॅरो बेटे, १८४६

स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मधे, उत्तर अटलांटिक समुद्रात फॅरो बेटे आहेत. तिथे डेन्मार्कची सत्ता होती. १७८१ मध्ये या बेटांवर गोवराची साथ येऊन गेली. त्यानंतर पासष्ट वर्षे गोवर नाही. दोन पिढ्या हा आजार न पाहताच वाढल्या.

१८४६ च्या वसंतात कोपनहेगनहून एक सुतार तिथे आला. येताना तो गोवराची लागण घेऊनच आला होता. त्यानंतरच्या सहा-सात महिन्यांत बेटांवरच्या ७,७८२ लोकांपैकी सहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले. यात लहान मुले होती, तशीच कर्ती माणसेही होती. अनेक घरांत एकाच वेळी सगळेच अंथरुणाला खिळले. शंभराहून जास्त माणसे दगावली.

डॅनिश सरकारने दोन डॉक्टर पाठवले. त्यांतला एक होता पीटर लुडविग पानुम, वय २५ आणि नुकताच पदवीधर झालेला. जंतूंचा सिद्धांत तेव्हा मान्य व्हायचा होता. अशा साथी दूषित हवेतून आपोआप उद्भवतात, असे बरेच डॉक्टर मानत. पानुम होडीने गावोगाव फिरला आणि प्रत्येक ठिकाणी विचारत गेला: पहिला आजारी कोण? तो त्याआधी कुठे गेला होता? कोणत्या तारखेला?

गावे समुद्राने आणि डोंगरांनी तुटलेली होती. बाहेरचा माणूस कधी आला, हे सगळ्यांच्या लक्षात असे. ट्योर्नुविक या गावातले दहा जण ४ जूनला वेस्टमन्ना इथे देवमाशांच्या शिकारीला गेले होते. १८ जूनला त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठले. बरोबर चौदा दिवस! अशा नोंदी गावामागून गाव जमत गेल्या. लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण तेरा-चौदा दिवस जातात आणि रोग माणसाकडून माणसाकडे जातो, हे त्याने त्या आधारे दाखवले.

त्याची दुसरी नोंद अधिक मोलाची आहे. १७८१ च्या साथीत ज्यांना लहानपणी गोवर झाला होता, अशी ९८ वृद्ध माणसे त्याला भेटली. त्यांतल्या एकालाही आता गोवर झाला नाही. उलट, ज्या वृद्धांना तेव्हा झाला नव्हता, ते वयाची साठी-सत्तरी उलटल्यावरही या साथीत सापडले.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, गोवराविरुद्धची प्रतिकारशक्ती पासष्ट वर्षांनंतरही टिकते. दुसरी, गावात गोवर नसणे म्हणजे गावाला संरक्षण असणे नव्हे. ती पासष्ट शांत वर्षे खरे तर असुरक्षित माणसांची संख्या वाढत जाण्याची वर्षे होती.

फिजी आणि सामोआ

याहून भीषण प्रकार १८७५ मध्ये प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवर घडला. फिजीचा राजा थाकोंबाऊ सिडनीच्या भेटीवरून ब्रिटिश युद्धनौकेतून परतला. जहाजावर गोवर होता. स्वागताला दूरदूरच्या बेटांवरचे सरदार जमले आणि जाताना लागण आपापल्या गावी घेऊन गेले. तिथे या आजाराची ओळख कोणालाच नव्हती. सुमारे ४०,००० माणसे मेली, म्हणजे लोकसंख्येचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त. घरातले सगळेच एकदम आजारी पडल्याने पाणी द्यायलाही कोणी उरले नाही, हेही मृत्यूंचे एक कारण होते.

"हे लस नसतानाचे," असे तुम्ही म्हणाल. मग त्याच महासागरातले सामोआ पाहा. तिथे २०१८ मध्ये लस देताना चुकीचे औषध मिसळले गेले आणि दोन बाळे दगावली. दोष लसीचा नव्हता, पण लोकांचा विश्वास उडाला आणि लसीकरण काही महिने थांबले. २०१९ च्या अखेरीस गोवर आला. जेमतेम दोन लाख वस्तीच्या देशात ८३ मृत्यू झाले, त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुले. सरकारने सगळे व्यवहार दोन दिवस बंद ठेवले. ज्या घरात कोणाची लस राहिली असेल, त्यांनी दारात लाल कापड बांधावे असे सांगितले, आणि पथके दारोदार फिरली.

एका मुलाच्या घशातून आलेली लस

१९५४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका शाळेत गोवराची साथ आली. जॉन एंडर्स यांचे सहकारी थॉमस पीबल्स आजारी मुलांचे रक्त आणि घशातले नमुने गोळा करत होते. एडमन्स्टन आडनावाच्या मुलाच्या नमुन्यातून विषाणू प्रयोगशाळेत वाढवता आला. तो पुन्हा पुन्हा पेशींमध्ये वाढवून इतका दुबळा केला, की तो आजार तर करणार नाही, पण शरीराला ओळख मात्र पटवून देईल. १९६३ मध्ये अमेरिकेत लसीला परवाना मिळाला.

त्याच विषाणूचा पुढे झाग्रेब शहरात आणखी सौम्य केलेला वाण म्हणजे 'एडमन्स्टन-झाग्रेब'. आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट गोवराच्या लसीसाठी हाच वाण वापरते. लस येण्यापूर्वी जगात दरवर्षी अंदाजे २६ लाख माणसे गोवराने मरत. भारतात १९८५ पासून ही लस सरकारी कार्यक्रमात मोफत आहे आणि २०१० पासून दुसरा डोसही सुरू झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली, ती तुम्हाला आठवत असेल.

१९९८ मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरने गोवराच्या एकत्रित लसीचा संबंध ऑटिझमशी जोडला होता. तो लेख २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. लाखो मुलांच्या अभ्यासांत असा संबंध आढळलेला नाही.

गोवंडी, २०२२

कोविडच्या दोन वर्षांत अनेक मुलांचे डोस राहून गेले. त्या काळात गोवर फारसा दिसला नाही, तेव्हा कोणाला काही वाटलेही नाही. फॅरो बेटांसारखीच ती शांतता होती. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडी भागातून साथ सुरू झाली. भिवंडी, मालेगाव इथेही रुग्ण सापडले आणि मुले दगावली.

मग घरी काय करायचे?

गोवराचा एक रुग्ण, भोवतालच्या कोणाला संरक्षण नसेल तर, बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून तो आजार पसरवतो. रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. म्हणून "आजारी मुलापासून दूर ठेवू" एवढ्यावर विसंबता येत नाही. पुढील गोष्टी करा:

• पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर (बारा महिन्यांच्या आत), दुसरा १६ ते २४ महिन्यांत. पहिल्या डोसनंतर शंभरातल्या साधारण पंधरा मुलांना संरक्षण मिळत नाही. त्यांच्यासाठी दुसरा डोस आवश्यक असतो.

• डोस राहिला असेल तर "आता वय गेले" असे समजू नका. डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा.

• घरात नऊ महिन्यांखालचे बाळ असेल तर त्याचे संरक्षण बरेचसे त्याच्या भावंडांच्या लसीवर अवलंबून असते. गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांना ही लस देता येत नाही. त्यांनाही भोवतालच्या लस घेतलेल्यांचाच आधार. समाजात ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस हवेत, ते यासाठीच.

• लस न घेतलेल्या मुलाचा गोवराच्या रुग्णाशी संपर्क आला, तर ७२ तासांत दिलेली लसही उपयोगी पडू शकते. वाट पाहू नका.

• ताप, खोकला, वाहते नाक, लाल डोळे आणि मग चेहऱ्यापासून खाली पसरणारे पुरळ, असे दिसले तर डॉक्टरांना दाखवा. तिथे जाण्यापूर्वी फोन करा, म्हणजे इतर मुलांमध्ये बसावे लागणार नाही. "औषध दिले तर गोवर आत बसतो" हा समज खरा नाही. विषाणूवर थेट औषध नसले, तरी डॉक्टरांनी दिलेल्या 'अ' जीवनसत्त्वाच्या दोन डोसांमुळे मृत्यूचा आणि अंधत्वाचा धोका कमी होतो. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायला हरकत नाही, पण मुलाचे खाणेपिणे तोडू नका.

• धाप लागणे, झटके, गुंगी, पाणीही न पिणे, डोळ्यांवर पांढरटपणा, यातले काहीही दिसले तर लगेच रुग्णालयात न्या.

गोवरानंतर काही महिने मुलाची इतर आजारांशी लढण्याची ताकदही घटते, कारण हा विषाणू शरीराने पूर्वी कमावलेली प्रतिकाराची आठवणच पुसतो. फार थोड्या मुलांत तो मेंदूत दबा धरून राहतो आणि सात-दहा वर्षांनी जीवघेणा आजार घेऊन उलटतो. "आठ दिवसांत बरा" म्हणताना हा हिशेब धरलेला नसतो.

सध्या तुमच्या गल्लीत गोवर नसेल, तर उत्तमच. मुलांची लसीकरणाची कार्डे काढून दोन्ही डोसांच्या तारखा तपासायला हीच वेळ चांगली. एखादी जागा कोरी दिसली, तर या आठवड्यातच जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन ती भरून घ्या.