घाट ओलांडण्याआधी

रात्रीचे पावणेनऊ. साधारण साडेतीन तास उरले.

6 जुलै 1962. अलिटालियाचं 771 क्रमांकाचं विमान बँकॉकहून मुंबईकडे झेपावलं. सिडनीहून सुटून डार्विन, सिंगापूर करत आलेलं हे विमान मुंबईनंतर कराची, तेहरान गाठून रोमला जाणार होतं. चार जेट इंजिनांचं डग्लस डीसी-8, आत 85 प्रवासी आणि 9 कर्मचारी.

अलिटालिया म्हणजे तेव्हाच्या इटलीचा अभिमान. महायुद्धात होरपळलेल्या देशानं 1946 साली ही कंपनी उभी केली, 1947 मध्ये तिची विमानं उडू लागली आणि 1960 च्या रोम ऑलिंपिकच्या वर्षी तिच्याकडे जेट विमानं आलीसुद्धा.

रात्रीचे अकरा. तास-सव्वा तास उरला.

बंगालचा उपसागर मागे पडला. आता खाली जमीन, आणि पुढे पावसाळ्यातलं दख्खनचं पठार. त्या काळी रात्री पठारावर आपण नेमके कुठे आहोत हे कळायला रेडिओ-केंद्रांचे संकेत, नकाशा, घड्याळ आणि वाऱ्याचा हिशेब एवढंच हाताशी असे. जेट विमान मिनिटाला तेरा-चौदा किलोमीटर कापतं. हिशेबात पाच मिनिटं इकडची तिकडे झाली, तर एक आख्खा जिल्हा चुकतो.

बाराला थोडा अवकाश. पंधरा-वीस मिनिटं उरली.

विमानानं उंची सोडायला सुरुवात केली. इथे आपल्या बाजूचा भूगोल डोळ्यांसमोर आणायला हवा. कर्जत-खालापूरचा पट्टा समुद्रसपाटीपासून जेमतेम शे-दोनशे फुटांवर. खांडसहून शिडी घाटानं भीमाशंकरला चढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको: भातखाचरं संपतात, कारवीचं रान लागतं आणि मग कडाच समोर येतो. काही किलोमीटरच्या आत तीन हजार फुटांची चढण. जुलैत तर वरचा माणूस खाली बघतो तेव्हा नुसतं पांढरं दिसतं, आणि खालच्याला कडा असल्याचा पत्ताही लागत नाही. ढाक, राजमाची, कोथळीगड, सगळे ढगात. ही भिंत उत्तरेकडे नाणेघाट, माळशेजपर्यंत सलग गेलेली आहे. पूर्वेकडून येणाऱ्यासाठी ती भिंत नसतेच. त्याच्यासाठी उंच पठार, पठारावर आणखी उंच डोंगर, आणि मग अचानक कोकण. या काठाच्या अलीकडे खाली यायचं नाही, पलीकडे गेल्यावर यायचं, हा इथला साधा नियम. मुंबईला पूर्वेकडून येणाऱ्या वैमानिकांसाठी किमान सुरक्षित उंची म्हणूनच ठरवून दिलेली होती.

बारा वाजून गेले. दहाएक मिनिटं उरली.

विमान मुंबईच्या नियंत्रण कक्षाशी बोलत होतं. विमानतळ गाठून, मग वळसा घालून उतरायचं, की पूर्वेकडून आहे तसंच सरळ धावपट्टीवर यायचं? वैमानिकाच्या मनात सरळ उतरण्याचं होतं. सरळ उतरायचं तर वाटेतच उंची सोडत यावं लागतं. तो सोडत आला. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत, घाट मागे पडला आहे, अशी त्याची समजूत होती. त्या समजुतीप्रमाणे खाली ठाण्या-कल्याणकडची सखल जमीन असायला हवी होती. प्रत्यक्षात खाली जुन्नरचा डोंगराळ भाग होता. आपली जागा पडताळून पाहायची साधनं विमानात होती, जमिनीवर केंद्रंही होती. त्यांचा उपयोग करून घेतला गेला नाही.

बारा वाजून दहा मिनिटं.

7 जुलै नुकताच लागला होता. रोममध्ये आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे पावणेआठही वाजले नव्हते. मुंबईच्या ईशान्येला सुमारे 84 किलोमीटरवर, जुन्नर परिसरात, 3,600 फुटांवर विमान डोंगरावर आदळलं. 94 जणांपैकी एकही वाचला नाही. घाटाची कड तिथून फार लांब नव्हती. तीन-चार मिनिटं ते वरच राहिलं असतं, तर त्याच उंचीवर त्याच्या पोटाखाली तीन हजार फूट मोकळी हवा असती.

चौकशीत दिशा आणि अंतराच्या हिशेबातली चूक आणि त्यामुळे अकाली सोडलेली उंची हे कारण ठरलं. त्याला जोडून तीन गोष्टी: उपलब्ध साधनांनी जागा न तपासणं, किमान सुरक्षित उंची मोडणं आणि या मार्गावरच्या भूगोलाची ओळख नसणं. यातली तिसरी मला सर्वांत जड वाटते. ज्या माणसाच्या हाती 93 जीव आहेत, त्याला सह्याद्री ठाऊक नसावा, ही एकट्या वैमानिकाची चूक म्हणून सोडून देता येत नाही. मार्गाची ओळख करून देणं हे पाठवणाऱ्याचं काम आहे.

आणि ते काम तेव्हाच पुरं झालं असं म्हणायलाही इतिहास वाव देत नाही. 5 मे 1972 रोजी रात्री, याच कंपनीचं, याच जातीचं डीसी-8 सिसिलीत पालेर्मोला उतरताना माँतान्या लोंगा या डोंगरावर आदळलं. या वेळी विमान स्वतःच्या देशात होतं. 115 जण गेले. जमीन जवळ येताच वैमानिकाला ओरडून सावध करणारं यंत्र त्यानंतर अमेरिकेत सक्तीचं झालं आणि हळूहळू जगभर पसरलं. तरीही 14 नोव्हेंबर 1990 च्या रात्री झुरिकजवळ अलिटालियाचं डीसी-9 उतरता उतरता टेकडीला धडकलं. 46 मृत्यू.

कंपनी मात्र डोंगराला धडकून संपली नाही. कर्जापायी 2008 मध्ये दिवाळखोरी, नवे मालक, मग अबू धाबीच्या एतिहादचा 49 टक्के वाटा, 2017 पासून सरकारी प्रशासक. 14 ऑक्टोबर 2021 च्या रात्री काल्यारीहून रोमला आलेलं विमान तिचं शेवटचं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या जागी आयटीए एअरवेजची विमानं उडू लागली.