राखलेली प्रत आणि मोडलेला संकेत

नाशिकच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा हमरस्त्यालगत, त्रिरश्मि पर्वत आहे. त्यांतील लेण्यांना लोक पांडवलेणीं म्हणतात. दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचा दानलेख कोरलेला आहे. भिक्षुसंघासाठीं त्यानें तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकीं दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक आणि एक हजारांवर शेंकडा पाऊण असें व्याज ठरलें. हा सारा व्यवहार निगमसभेंत वाचून दाखविला आणि रिवाजाप्रमाणें फलकावर नोंदविला, असेंही त्या लेखांत सांगितलें आहे. ते फलक केव्हांच नाहींसे झाले. मूळ दप्तर गेलें आणि दगडावरची प्रत तेवढी मागें राहिली.

परंतु प्रत राहिली म्हणजे तिचा उपयोगही राहिला, असें मात्र झालें नाहीं. ब्राह्मी लिपीचें ज्ञान लोपल्यावर शेंकडों वर्षें लोक त्या अक्षरांसमोरून गेले. त्यांतील एक ओळही कोणाला लागली नाहीं. १८३७ सालीं कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यानें अशोककालीन ब्राह्मीचा उलगडा केला, तेव्हांपासून अशा लेखांच्या वाचनाचा मार्ग मोकळा झाला. प्रत टिकावयास दोन गोष्टी लागतात. एक, ती ज्यावर उतरली तें द्रव्य टिकलें पाहिजे. आणि दुसरी, लिहिणारा व वाचणारा यांच्यामधील संकेत टिकला पाहिजे. पहिल्या गोष्टीची काळजी सारेच घेतात. दुसरीकडे लक्ष जातें तें बहुधा गरज पडल्यावर.

याच डोंगरापासून थोड्या अंतरावर नाशिकच्या अंबडची औद्योगिक वसाहत आहे. सातपूरच्या पाठोपाठ येथें कारखाने उभे राहिले, आणि मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे अनेक लहान कारखानदार येथें नांदूं लागले. अशा कारखान्याची पुंजी आतां केवळ लेथ, मिलिंग मशीन आणि डाय यांत सांठलेली नसते. भागांचीं ड्रॉइंगें, सी. एन. सी. यंत्रांचे प्रोग्रॅम, ग्राहकांच्या ऑर्डरी आणि जी. एस. टी.चे हिशेब हें सारें संगणकांत असतें. म्हणून कार्यालयाच्या कोपऱ्यांत एक लहानशी पेटी ठेवलेली आढळते. तिच्यांत दोन हार्डडिस्क असतात, मागें नेटवर्कची वायर असते, आणि रोज रात्रीं संगणकांतील मजकुराची नक्कल आपोआप तिच्यांत उतरते. या पेटीला नॅस म्हणतात आणि त्या नकलेला बॅकअप.

विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. ठिकठिकाणीं त्याच सुमारास विंडोज ११ घेणें भाग पडलें. नवी प्रणाली चढविल्यावर संगणक नीट चालूं लागतो, छपाई होते, इंटरनेट चालतें. थांबते ती केवळ रात्रींची नक्कल. पेटीवरचा दिवा हिरवाच असतो आणि जुन्या फाइली जागच्या जागीं दिसतात, म्हणून कोणाला शंकाही येत नाहीं. पुढें एखाद्या दिवशीं संगणकाची डिस्क बंद पडते आणि राखीव प्रत काढावी, तों ती तीन महिन्यांपूर्वींची निघते. अशा वेळीं पेटीला दोष दिला जातो किंवा नव्या प्रणालीला. वास्तविक पाहतां दोन्ही आपापल्या जागीं धड असतात. मोडलेला असतो तो त्या दोहोंमधील संकेत, आणि तो मोडण्यास सबळ कारण घडलेलें आहे.

या संकेताचें नांव एस. एम. बी. एका संगणकानें दुसऱ्याच्या डिस्कवरील फाइल कशी मागावी, ती कशी उघडावी व कशी लिहावी, याचे हे नियम होत. आय. बी. एम. कंपनींत बॅरी फायगेनबॉम यानें १९८३ च्या सुमारास ते प्रथम बांधले. मायक्रोसॉफ्टनें ते उचलले, वाढविले, आणि विंडोजबरोबर ते जगभर गेले. १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथें अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्यानें तारेवरून जाणारे संदेश तपासून तेच नियम दुसऱ्या प्रणालीसाठीं नव्यानें लिहून काढले. त्यांतूनच सांबा हा प्रोग्रॅम जन्मास आला. नॅस म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पेट्यांच्या पोटांत लिनक्स आणि सांबा हीच जोडी असते.

मूळचे नियम ज्या काळीं झाले त्या काळीं नेटवर्क म्हणजे एका कचेरींतील ओळखीच्या मंडळींचें घर होतें. दाराला कडी नसली तरी चालत असे. पुढें दारें वाढलीं आणि येणारे-जाणारेही वाढले. २००७ सालीं सर्वांसाठीं आलेल्या विंडोज व्हिस्टाबरोबर या नियमांची दुसरी आवृत्ति आली व २०१२ सालीं तिसरी आली. मात्र पहिली आवृत्ति कोणी काढून टाकली नाहीं. जुन्या पेट्या, जुने प्रिंटर आणि कारखान्यांतील जुनीं यंत्रें तिच्यावांचून बोलूं शकत नव्हतीं. म्हणून नवीं दारें बसल्यावरही तें जुनें दार उघडेंच राहिलें.

त्याची किंमत २०१७ सालीं मोजावी लागली. पहिल्या आवृत्तींत एक गंभीर छिद्र होतें. मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजीं त्याची दुरुस्ती प्रसिद्ध केली. एप्रिलमध्यें त्या छिद्रांतून शिरण्याचें तयार साधन चोरट्यांनीं उघड्यावर टाकलें. १२ मे रोजीं वॉनाक्राय नांवाची सांथ सुटली आणि थोड्याच दिवसांत सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइली कुलूपबंद झाल्या. ज्यांनीं दुरुस्ती चढविली नव्हती त्यांना तिचा फटका बसला.

दुसरा घाव २७ जून २०१७ रोजीं बसला, आणि तो महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पोंचला. युक्रेनमधील एका करहिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या नांवाचा प्रोग्रॅम सुटला. तो त्याच छिद्रांतून, तसेंच चोरलेल्या पासवर्डांच्या साह्यानें, एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजकंपनीचें जगभरचें जाळें त्यानें बंद पाडलें. त्याच समूहाकडून चालविलें जाणारें न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील गेटवे टर्मिनल्स इंडिया हें टर्मिनलही त्यांत सांपडलें. नाशिकचीं द्राक्षें ज्या बंदरांतून परदेशीं जातात तेथें कंटेनरची नोंद कोणत्या पानावर आहे हें सांगणारें यंत्रच मुकें झालें.

मर्स्कच्या गोष्टींत बॅकअपविषयीं एक मोठा धडा आहे. कोण कर्मचारी कोणत्या संगणकावर काय करूं शकतो याची नोंद ठेवणारे सर्व्हर त्या कंपनीकडे सुमारें दीडशें होते आणि प्रत्येकावर इतरांची नक्कल होती. एक बिघडला तर बाकीचे आहेत, असा हिशेब होता. पण सारे एकाच वेळीं पुसले जातील, हें त्या हिशेबांत धरलेलें नव्हतें. शेवटीं एक प्रत हातीं लागली ती घाना देशांतील कार्यालयांत. तेथें वीज गेल्यामुळें तो सर्व्हर त्या घटकेला जाळ्यापासून तुटलेला होता, म्हणून तो वांचला. कंपनीनें दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्यानें उभे केले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरांच्या घरांत गेलें. नेहमीं जोडलेली नक्कल मूळ प्रतीबरोबरच मरूं शकते, हें तेव्हां सर्वांना उमगलें.

यानंतर जुनें दार बंद होणें क्रमप्राप्तच होतें. ऑक्टोबर २०१७ मध्यें आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून पहिली एस. एम. बी. हळूहळू काढून टाकण्यास आरंभ झाला. घरगुती व प्रो आवृत्तींत तर अशी योजना केली कीं, संगणक चालूं असतांना एकंदर पंधरा दिवस हे जुने नियम वापरांत आले नाहींत, तर प्रणालीनें ते आपणहून काढून टाकावे. म्हणजे जो कारखानदार महिन्यांतून एकदांच जुन्या पेटींत नक्कल उतरवीत होता, त्याच्या हातून कांहींएक चूक न होतां त्याचा मार्ग बंद होणें शक्य होतें. ऑक्टोबर २०२४ मध्यें आलेल्या विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीनें आणखी दोन अटी घातल्या. प्रो आवृत्तींत आतां प्रत्येक संदेशावर खरेपणाची मोहोर मागितली जाते, आणि पासवर्डावांचून पाहुणा म्हणून पेटींत शिरण्याची जुनी सवलत बंद झाली आहे. ही गोष्ट एकाच कंपनीची आहे असेंही नव्हे. ॲपलनें २० जुलै २०११ रोजीं लायन ही प्रणाली आणली, तेव्हां ओळख पटविण्याचे नियम कडक झाल्यामुळें बाजारांतील अनेक पेट्यांवरचे टाइम मशीनचे बॅकअप असेच थांबले होते. पेट्यांच्या निर्मात्यांनीं नवीं सॉफ्टवेअरें दिल्यावर ते पुन्हां सुरू झाले.

हा इतिहास ध्यानांत ठेवला म्हणजे दोष शोधण्याचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम संगणकाला पेटी दिसते कीं नाहीं हें पाहावें. नांवानें न दिसल्यास तिच्या आंकडी पत्त्यानें हांक मारावी. आंकड्यानें दिसून नांवानें न दिसली तर दोष नांव शोधण्यांत आहे. प्रणाली बदलल्यावर घरचें नेटवर्क सार्वजनिक म्हणून नोंदलें गेलें आहे काय, हेंही तपासावें. तसें असल्यास पहारेकरी अधिक कडक होतो. दुसरी पायरी भाषेची. पेटीचें सॉफ्टवेअर अद्ययावत् करून तिच्या व्यवस्थापन-पानावर एस. एम. बी.ची दुसरी व तिसरी आवृत्ति चालूं करावी. सांबामध्यें दुसरी आवृत्ति २०११ पासून नीट आली, म्हणून त्यापूर्वींच्या पेट्यांना हें बहुधा जमत नाहीं. तिसरी पायरी ओळखीची. पाहुण्याचा मार्ग सोडून पेटीवर स्वतंत्र नांव व पासवर्ड करावा, आणि संगणकांत जपून ठेवलेला जुना पासवर्ड काढून नवा घालावा. चार आंकड्यांचा जो पिन संगणक उघडतांना वापरला जातो तो पेटीला कळत नाहीं, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. चौथी पायरी मोहोरेची. पेटीवर ती सोय असल्यास ती चालूं करावी.

इतकें करूनही दिवसा फाइल उतरते आणि रात्रीं उतरत नाहीं, असें कधीं कधीं घडतें. त्याचें कारण निराळें असतें. माणसानें जोडलेलें झेड् अक्षराचें ड्राइव्ह त्या माणसापुरतें असतें. रात्रीं एकटें जागणारें काम दुसऱ्या नांवानें चालत असल्यास त्याला तें अक्षर ओळखीचें नसतें. तेथें अक्षराऐवजीं पेटीचा पूर्ण मार्ग लिहावा लागतो.

खरा कसोटीचा प्रसंग या सर्वांच्या पुढें येतो. पेटी जुनी आहे, तिला नवी भाषा येत नाहीं, आणि काम तर अडलें आहे. तेव्हां कोणी जाणकार सांगतो कीं, विंडोजमध्यें अमुक एक खूण केली कीं पहिली एस. एम. बी. पुन्हां चालूं होते. तें खोटें नसतें. खूण केली कीं बॅकअप त्याच रात्रीं उतरतो. परंतु ज्या दारांतून २०१७ ची सांथ शिरली तेंच दार बॅकअपसाठीं पुन्हां उघडावें, ही राखण कसली? प्रत ज्या संकटासाठीं ठेवावयाची त्याच संकटाला तिच्यामुळें वाट मिळते. अशी पेटी कामांतून काढावी आणि नवी घ्यावी; तोंपर्यंत साध्या यू. एस. बी. डिस्कवर नक्कल घेऊन ती डिस्क सोडवून कपाटांत ठेवावी. घानांतील सर्व्हर अपघातानें तुटलेला राहिला. कपाटांतील डिस्क जाणूनबुजून तुटलेली राहते.

कारखान्यांत आणखी एक अडचण असते. लाखों रुपयांचें सी. एन. सी. यंत्र जुन्या विंडोज एक्सपीवर चालतें आणि त्याला जुनीच भाषा येते. संगणक बदलतो तसें तें बदलतां येत नाहीं. अशा यंत्राला कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळें, आपल्यापुरतें जाळें द्यावें, आणि इंटरनेटचा स्पर्श त्याला होऊं देऊं नये. जुन्याला कोपरा द्यावा. सबंध घर त्याच्यासाठीं उघडें टाकूं नये.

आतां राहिली परीक्षा. बॅकअप पूर्ण झाला, असें संगणक म्हणतो तेवढ्यावर विसंबूं नये. महिन्यांतून एकदां राखीव प्रतींतून एखादें ड्रॉइंग काढावें, दुसऱ्या संगणकावर उघडावें आणि त्यावरची तारीख पाहावी. प्रणाली बदलल्यावर हें त्याच दिवशीं करावें. या कामाला पंधरा मिनिटें लागतात. तें न केल्यास मात्र एखाद्या सकाळीं अंबडच्या कारखानदाराची स्थिति त्रिरश्मीवर प्रिन्सेपच्या आधीं आलेल्या वाटसरूसारखी होते: लेख समोर असतो, आणि तो वाचावयास कोणी नसतें. तो लेख वाचणाऱ्यासाठीं कित्येक शतकें थांबला. ग्राहकाची ऑर्डर मात्र दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबत नाहीं.